तंजावरच्या राजवाड्याला जाताय? मग हे वाचा

पहिल्यांदाच जात असाल तर एक लक्षात ठेवा: हा वाडा एका हाताने बांधलेला नाही. मूळ बांधकाम मराठ्यांआधी इथे राज्य करणाऱ्या नायक राजांचं. सतराव्या शतकात शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे भोसले आले आणि पुढे भोसल्यांनी त्यात भर घातली. त्यामुळे 'मराठा पॅलेस' ही पाटी अर्धीच खरी.

तिकिटं वेगवेगळ्या विभागांची वेगळी असतात, सुटे पैसे ठेवा. घाई असेल तर बाकी सोडा, पण मराठा दरबार हॉलमध्ये निवांत थांबा. जाडजूड रंगवलेले खांब, वर कमानी, रंगांवर रंग. काही ठिकाणी पोपडे उडालेत, तिथे आतला चुना दिसतो. कलादालनात चोळकालीन कांस्यमूर्ती आहेतच, पण याच भोसले घराण्यातल्या दुसऱ्या सरफोजीराजांचा हात जोडून उभा असलेला संगमरवरी पुतळा चुकवू नका. तो इंग्रज शिल्पकार फ्लॅक्समनने घडवलाय.

सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी लिपीतल्या कागदपत्रांचा मोठा साठा आहे, मात्र पर्यटकांना फक्त संग्रहालयाचा भाग पाहता येतो. आणि हो, बृहदीश्वर मंदिरात भिंतीवर कोरलेला 1803 चा, भोसले वंशाचा इतिहास सांगणारा मराठी शिलालेख बघाच. गाइड बहुधा तिकडे नेत नाहीत, स्वतःहून विचारा.