वाचकांचे प्रश्न : हजेरीपट, गुणपत्रक आणि स्प्रेडशीट

प्रश्न : इंदूरमधील एका शाळेत मी आठवीला गणित शिकवते. हजेरी आणि गुण स्प्रेडशीटवर ठेवावेत का? वर्गात शिकवतानाही तिचा उपयोग होईल का?

उत्तर : ताई, अवश्य होईल. लिब्रेऑफिस कॅल्क हे स्प्रेडशीटचे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते आणि त्यात मुलांची नावे देवनागरीत लिहिता येतात. एका ओळीत एकच विद्यार्थी ठेवावा. प्रवेश क्रमांकाचा स्तंभ आधीच ‘टेक्स्ट’ करून घ्यावा, नाहीतर 0457 मधले पहिले शून्य गळून जाते. परीक्षेला गैरहजर असलेल्या मुलाच्या गुणांचा रकाना रिकामाच ठेवावा, कारण सरासरीचे सूत्र रिकामा रकाना मोजत नाही, पण तिथे शून्य लिहिले तर वर्गाची सरासरी विनाकारण खाली येते.

मला मात्र स्प्रेडशीटचे खरे मोल शिकवण्यात वाटते. चक्रवाढ व्याज घ्या : 10,000 रुपयांचे द.सा.द.शे. 8 दराने तीन वर्षांत 12,597.12 रुपये होतात, तर सरळव्याजाने 12,400. दुसऱ्या वर्षाच्या ओळीचे सूत्र तुम्ही सांगू नका, ते मुलांनाच शोधू द्या. मग तेच सूत्र वीस वर्षांपर्यंत खाली ओढून दोन्ही आलेख शेजारी काढले की एक रेषा सरळ जाताना आणि दुसरी वर वळताना मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसते.