वाचक विचारतात: लिनक्सवर रेकॉर्डिंगचं धंद्याचं काम होईल का?

प्रश्न : नमस्कार. लालबागला घरातल्याच एका खोलीत माझा छोटा स्टुडिओ आहे, भजनी मंडळं, गणपतीची गाणी, अधूनमधून व्हॉइस-ओव्हर असं काम येतं. दोन इनपुटचा यूएसबी इंटरफेस (माईक लॅपटॉपला जोडणारा डबा), रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर आणि एक जुना लॅपटॉप. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, ११ या लॅपटॉपवर चढत नाही आणि नवीन घ्यायचं बजेट आत्ता नाही. मित्र म्हणतो विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट ऑपरेटिंग सिस्टीम टाक. पण गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना मशीन अडकलं तर नाव खराब होतं. खरंच जमेल का?

उत्तर : जमेल दादा. तुमच्या कामाला तर नक्कीच, कारण रीपरचं लिनक्स व्हर्जन त्यांच्याकडूनच मिळतं आणि लायसन्सही तेच चालतं. आवाजाच्या क्वालिटीत काडीचा फरक पडत नाही, माईक, प्रीअँप, कन्व्हर्टर तेच आहेत ना. अडलंच तर इंटरफेस आणि प्लगिनपाशी (रीपरमध्ये जोडायची इफेक्टची छोटी सॉफ्टवेअरं) अडतं.

म्हणून आधी काहीच पुसू नका. उबुंटू स्टुडिओ (लिनक्सचाच आवाजाच्या कामासाठी तयार केलेला प्रकार) पेनड्राइव्हवर घ्या, लॅपटॉप त्यावरूनच चालू करा (इन्स्टॉल न करता चालतं), इंटरफेस लावा आणि साउंड सेटिंगमध्ये त्याचं नाव येतंय का बघा. क्लास कम्प्लायंट, म्हणजे यूएसबीच्या ठरलेल्या नियमांनी चालणारा इंटरफेस असेल तर ड्रायव्हर शोधावा लागत नाही, लगेच दिसतो. काही मॉडेलचा आतला मिक्सर मात्र फक्त विंडोज-मॅकच्या सॉफ्टवेअरमधूनच हलतो, तसला असेल तर विचार करा. फोकसराइट स्कार्लेटच्या बऱ्याच मॉडेलसाठी हा मिक्सर चालवणारा कोड आता लिनक्सच्या कर्नलमध्येच (म्हणजे गाभ्यातच) आहे.

आता लेटन्सी, म्हणजे माईकमध्ये गेलेला आवाज कॉम्प्युटरमधून हेडफोनमध्ये यायला लागणारा वेळ, कारण अडकण्याची तुमची भीती तिथलीच आहे. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर (कॉम्प्युटर एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) म्हणजे साधारण २.७ मिलिसेकंद, येता-जाता असे तीन बफर धरले तर ८, वर इंटरफेसचा स्वतःचा थोडा वेळ. हवेत आवाजाला एक मीटर जायलाच जवळपास ३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे पेटीवाला नऊ फुटांवर बसलाय असं समजा, भजनात एवढं अंतर नेहमीच असतं आणि कुणाचा ताल चुकत नाही. तरी तबलजीला हेडफोनमध्ये खटकलं तर इंटरफेसचं डायरेक्ट मॉनिटरिंग चालू करा, मग कॉम्प्युटरचा संबंधच राहत नाही. मध्येच टकटक आवाज आला तर तो एक्सरन, म्हणजे कॉम्प्युटर वेळेत पोचला नाही, बफर २५६ करा, पॉवर मोड परफॉर्मन्सवर ठेवा, वायफाय बंद करा, आणि मिक्सिंगला बसलात की सरळ १०२४.

ज्यांनी दहा-पंधरा वर्षांपूर्वी लिनक्स करून बघितलं ते आजही घाबरवतात आणि तेव्हा त्यांचं खरंच होतं, रेकॉर्डिंगसाठीची जॅक ही आवाजाची यंत्रणा चालू केली की ब्राउझरचा आवाज गायब, रोजच्या वापराची पल्सऑडिओ एकीकडे आणि जॅक दुसरीकडे. विम टायमन्स यांच्या पाइपवायरने ही दोन्ही कामं एकाच ठिकाणी आणली, २०२१ मध्ये फेडोरा ३४ ने (लिनक्सचाच आणखी एक प्रकार) ते डिफॉल्ट केलं, उबुंटू स्टुडिओतही आता तेच आहे. आणि वर्षानुवर्षं वेगळा पॅच म्हणून लावावा लागणारा रिअलटाइम कोड (आवाजाचं काम ठरल्या वेळेत होईल हे बघणारा) २०२४ मध्ये ६.१२ पासून मूळ कर्नलमध्येच आला.

प्लगिनची यादी मात्र आजच कागदावर काढा. आयलॉक (लायसन्स तपासणारं कुलूप) लागणारी प्लगिनं लिनक्सवर विसरा. बाकीची विंडोजची प्लगिनं वाइन आणि यॅब्रिज या विंडोजची सॉफ्टवेअरं लिनक्सवर चालवणाऱ्या साधनांमधून पुष्कळदा चालतात, पण गिऱ्हाईक बसलेलं असताना त्यांच्या भरवशावर राहू नये असं माझं स्पष्ट मत आहे, एखादं अपडेट आलं की बिघडू शकतं. रीपरचे स्वतःचे ईक्यू-कॉम्प्रेसर, एलएसपीची प्लगिनं, ड्रॅगनफ्लाय रिव्हर्ब एवढ्यात भजनाचं काम उत्तम होतं.

आर्डोर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअरसुद्धा एकदा बघाच. जॅक लिहिणाऱ्या पॉल डेव्हिस यांनीच सुरू केलेलं, सेशन साध्या एक्सएमएल फाइलमध्ये आणि आवाज वेव्हमध्ये. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्याकडची म्हातारी गायक मंडळी एकदाच गाऊन जातात, त्यांचं सेशन वीस वर्षांनी उघडताना कुठल्या कंपनीची परवानगी लागू नये.

प्रश्न : मी लिनक्सवर गाणी करते, पण अंधेरीचे पोस्ट स्टुडिओ (पिक्चरच्या आवाजाचं शेवटचं काम करणारे) प्रो टूल्स या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरचं सेशन मागतात. काय करू?

उत्तर : ताई, प्रो टूल्स लिनक्सवर नाही आणि त्यासाठी धडपडूही नका. प्रत्येक ट्रॅकची वेव्ह फाइल काढा, सगळ्या एकाच ठिकाणाहून, अगदी शून्यापासून सुरू होणाऱ्या, मध्ये गाणं नसलं तरी शांतता तशीच राहू दे, म्हणजे त्यांनी कुठेही टाकल्या तरी जुळतात. पिक्चरचं काम असेल तर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, आणि फ्रेम रेट २४ की २५ ते आधीच फोनवर विचारून घ्या. इफेक्टवाली आणि कोरडी अशी गायनाची दोन्ही व्हर्जन द्या, फाइलच्या नावात टेम्पो आणि स्केल लिहा, सोबत एक रफ मिक्स. एवढं नीट गेलं की बहुतेक इंजिनिअर तुम्ही कशावर रेकॉर्ड केलंत हे विचारतसुद्धा नाहीत.