गोव्यात तिथली माणसं कुठे जेवतात-पितात, आणि क्राफ्ट बिअर घेण्यासारखी आहे का?

तुम्ही पुण्याहून चौघं येताय, मे महिन्याचा शेवटचा आठवडा, एक जण शाकाहारी, एक जण न पिणारा, आणि ‘रीलमधली ठिकाणं नकोत, तुम्ही लोक जाता ती सांगा’ ही अट. मी म्हापशाचा, नोकरी पणजीत, त्यामुळे दुपारचं जेवण बहुतेक बाहेर. नावं सांगतो. पण गोव्यात कुठे जेवलात यापेक्षा किती वाजता जेवलात यानेच जास्त फरक पडतो.

माझ्याकडे येणारे पाहुणे अकराला उठतात, समुद्रावर जातात आणि साडेतीनला म्हणतात, चला, आता फिश थाळी! तोवर चांगला मासा संपलेला असतो, हुमण म्हणजे माशाची आमटी तळाला लागलेलं असतं आणि मालक शटर अर्धं ओढून आडवा व्हायच्या तयारीत. दुपारी तीन ते सात बऱ्याच जागा सरळ बंद असतात. तेव्हा साडेबाराला, फार तर एकला पानावर बसा. पणजीत रिट्झ क्लासिकला गर्दी असते, तरी थाळीसाठी उभं राहायला हरकत नाही. ३१ जानेवारी रस्त्यावरचं आनंदाश्रम जुनं, साधं. उत्तरेकडे राहणार असाल तर आसगावचं विनायक. उकड्या तांदळाचा भात, हुमण, तिसऱ्यांचं सुकं, किसमूर आणि रव्यात तळलेला एखादा तुकडा. किसमूर म्हणजे सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, भाजून ओल्या खोबऱ्यात कालवलेली. पुण्याची मंडळी ती वाटी बाजूला सारतात, तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. बांगड्याच्या हुमणात तिरफळं असतील, ती चावायची नाहीत, नुसती चोखून टाकायची. सोलकढी शेवटी.

तुमची वेळ एका अर्थी बरी आहे. १ जून ते ३१ जुलै इथे ट्रॉलरना मासेमारी बंदी असते. तुम्ही त्याच्या अगदी तोंडावर येताय. आठवडाभर उशीर केला असतात तर बर्फातला किंवा बाहेरून आलेला मासा वाट्याला आला असता. अर्थात त्या दिवसांत आम्ही नदीतला मासा, खुबे नावाचे शिंपले आणि घरात साठवलेली सुकी मासळी यांवर मजेत जगतो, पण हॉटेलात ते सगळं मिळेलच असं नाही.

शाकाहारी मित्राला सकाळ द्या. पणजीत कॅफे भोसले किंवा कॅफे तातोत पातळ भाजी, पाव आणि एक बन्स. हा बन्स म्हणजे बेकरीतला पाव नव्हे, पिकलं केळं घालून तळलेली टम्म गोडसर पुरी. भाजी तिखट, बन्स गोड, वर चहा. सोमवारी बऱ्याच हिंदू घरांत मासळी शिजत नाही, त्यामुळे त्या दिवशी शाकाहारी थाळी मागितली तर कोणी भुवई उंचावत नाही.

संध्याकाळी साडेसात-आठनंतर म्हापशात, पणजीत रोस आमलेटचे गाडे लागतात. आमलेटवर शागुतीचा, म्हणजे भाजलेल्या खोबऱ्या-मसाल्याचा गरम रस्सा, चिरलेला कांदा, लिंबू आणि पाव. उभ्यानेच खायचं. काफ्रियाल, म्हणजे हिरव्या मसाल्यातली कोंबडी, खायचं असेल तर साळगावचं फ्लोरेंटाइन. बाकी कुठे मागवू नका असं मी म्हणणार नाही, पण मी तरी मागवत नाही.

आता पिण्याचं. क्राफ्ट बिअरच्या, म्हणजे छोट्या कारखान्यांतल्या खास बिअरच्या आधी हुर्राक, कारण बिअर बारमाही आहे आणि हुर्राक पाहुणा. काजूची बोंडं तुडवून काढलेला रस आंबवून भाटीत, म्हणजे दारूच्या भट्टीत, पहिल्यांदा उतरवला की हुर्राक. तोच पुन्हा उतरवला की फेणी. मार्च ते मे एवढाच त्याचा हंगाम, आणि तो टिकतही नाही. मेअखेरीस तावेर्नमध्ये, म्हणजे गावच्या छोट्या बारमध्ये, शिरून आधी ‘हुर्राक आसा?’ विचारा. असला तर लिमका, लिंबू, मीठ आणि मधोमध चिरलेली हिरवी मिरची. तो चवीला सौम्य वाटतो आणि उठून उभं राहिल्यावर हिशेब मांडतो. संपला असेल तर फेणी. काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तरी पहिल्या वासाला नाक मुरडणारे आमच्या घरातही आहेत. अशांनी पणजीच्या सां तोमेतल्या जोझेफ बारमध्ये कोकम घातलेली फेणी घेऊन बघावी. जागा एवढीशी, निम्मे लोक रस्त्यावर उभे असतात.

आणि हो, क्राफ्ट बिअर घेण्यासारखी आहे, पण तिथे घड्याळ नव्हे, कॅलेंडर बघावं लागतं. गोवा ब्रूइंग कंपनीची ‘एट फिंगर एडी’ ही आयपीए, म्हणजे हॉप्सच्या फुलांनी कडवट, सुगंधी केलेली इंडिया पेल एल. हणजुणेत (अंजुनात) राहिलेल्या एका जुन्या हिप्पीचं नाव तिला दिलंय. ‘माका दी’ म्हणजे कोकणीत ‘मला दे’, ती डिचोली तालुक्यातल्या लाटंबार्शाची. माझं आजोळ त्याच बाजूचं. लाटंबार्शात बेल्जियन पद्धतीची बिअर बनते हे ऐकून मामा म्हणाले, आमच्या वेळी तिथे काजू नि आंबे बनायचे. आयपीएमधला हॉप्सचा वास हाच तिचा जीव, आणि तो उन्हात, जुनेपणात उडतो. म्हणून कॅनवरची तारीख वाचा, आणि मेच्या उकाड्यात दुकानाच्या फळीवर ठेवलेला कॅन घेऊ नका, फ्रीजमधलाच मागा. नळाची बिअर असेल तर आधी घोटभर चाखायला मागायची. लाजायचं काही नाही.

जेवणाबरोबर घेताना एक चूक टाळा. रेशाद, म्हणजे लाल तिखट मसाला भरलेला, बांगडा आणि आयपीए एकत्र घेतलंत तर कडवटपणामुळे मिरची दुप्पट लागते. तिखटाला गव्हाची बिअर बरी, केळं-लवंगेचा वास आणि हलकी. माका दीचं हनी एल मला चोरीस पावाबरोबर, म्हणजे गोवन सॉसेज घातलेल्या पावाबरोबर, आवडतं. बायकोचं मत वेगळं आहे, तिला चोरिसाबरोबर फक्त फेणी चालते.

किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये मासा दाखवून ‘हा चालेल?’ विचारतात, तेव्हा वजन आणि दर आधी ठरवा. कळंगुटकडे एकदा मी, इथलाच असून, चोणक मासा नुसता मान हलवून घेतला. बिल पाहून मित्राने माझ्याकडे असं पाहिलं की आजही तो मला ‘गोयंकार’ (गोव्याचा माणूस) म्हणतो तेव्हा हसतो.

शेवटी गाडीचं. रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅम ही मर्यादा इथेही लागू आहे, आणि भाड्याच्या दुचाकीची काळी पाटी पोलिसांना लांबून दिसते. ओला-उबर इथे नाहीत. गोवा माइल्स हे टॅक्सीचं ॲप आहे, पण आतल्या गावात रात्री उशिरा गाडी मिळेलच असं धरून चालू नका. तुमच्यातला न पिणारा चालवायला तयार असेल तर आसगाव-साळगाव रात्रीचं ठेवा, नाहीतर रात्री राहाल त्याच्या पायी अंतरात जेवा. आणि न पिणाऱ्यासाठी तावेर्नमध्ये कोकम सोडा नक्की मिळतो, मीठ जरा जास्त घालायला सांगा.