धर्मकर्मात रस नसताना मध्ययुगीन नन्सवरच्या ऐतिहासिक कादंबऱ्या आवडतील का?

आवडतील, पण धर्मासाठी वाचू नका, राजकारणासाठी वाचा. वतनाचे तंटे आणि भाऊबंदकी आपण ज्या चवीने वाचतो तेच सगळं इथे आहे. फक्त तलवारीऐवजी पत्रं, दृष्टान्त आणि आजारपणं.

मला हा नाद लागला तो हिल्डेगार्ड फॉन बिंगेनमुळे (1098–1179). जर्मनीतल्या डिसिबोडेनबर्गच्या पुरुषांच्या मठाला लागून नन्सचा एक छोटा गट राहायचा, 1136 पासून ही त्याची प्रमुख. नाव झालं, देणग्या येऊ लागल्या आणि बाईंनी वेगळं निघायचं ठरवलं. जागाही हेरली, ऱ्हाईनकाठचं रूपर्ट्सबर्ग. मठाधिपती कूनो कसला सोडतोय! मठाची कीर्ती आणि नन्सच्या माहेरून आलेल्या जमिनी, दोन्ही हातच्या जाणार. बाईंनी वाद न घालता अंथरूण धरलं. देवाची आज्ञा पाळता येत नाही म्हणून हे दुखणं, असं कारण. कूनोने येऊन स्वतः उचलायला पाहिलं तर म्हणे दगडासारखी जड! शेवटी त्याने हात टेकले, बाई उठल्या आणि 1150 च्या सुमारास बिऱ्हाड हललं.

सोंग होतं की खरं? चांगला कादंबरीकार इथे निकाल देत नाही. आज्ञापालनाची शपथ घेतलेल्या बाईला 'मला हवंय' म्हणायची सोय नाही, 'देवाला हवंय' म्हणावं लागतं. ते ती स्वतः किती खरं मानते, यातच तर सगळी गंमत आहे.

म्हणूनच तिला आजच्या काळातली बंडखोर करून टाकणाऱ्या कादंबऱ्या मी अर्ध्यात सोडतो. टेंक्सविंड नावाच्या दुसऱ्या मठप्रमुख बाईने तिला पत्रातून विचारलं होतं, की तुमच्या नन्स सणावारी केस मोकळे सोडून डोक्यावर मुकुट घालतात म्हणे, आणि तुम्ही फक्त खानदानी घरातल्याच मुली घेता? हिल्डेगार्डचं उत्तर: बैल, गाढवं, मेंढ्या, सगळी जनावरं कुणी एकाच गोठ्यात बांधतं का? हे उत्तर गाळलं की उरते ती नुसती आदर्श स्त्री, आणि ती कंटाळवाणी.

फ्रान्समधलं फोंतेव्रोही बघा. तिथे 12 व्या शतकापासून साधूसुद्धा मठप्रमुख बाईच्या हुकमतीखाली असत. पण सुरुवात हिल्डेगार्डपासूनच करा.

तिच्यावरची कुठलीही कादंबरी हाती आली की आधी रिचर्डिसचं प्रकरण काढा. 1151 मध्ये या लाडक्या ननला दुसऱ्या मठाचं प्रमुखपद मिळालं, भाऊ ब्रेमेनचा आर्चबिशप. हिल्डेगार्डने याला देवाची संमती नाही म्हणत थेट पोपपर्यंत पत्रं धाडली. म्हणजे कूनोची जागा आता तिने घेतली होती. लेखकाला हे दिसलेलं नसेल, नुसती ताटातुटीची रडारड असेल, तर पुस्तक खुशाल परत ठेवा.