मणी तळाशीच का राहत नाही?

प्रश्न : मॅडम, मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. न्यूटनपर्यंत मेकॅनिक्स बरं जमत होतं, लॅग्रांज, म्हणजे बलांऐवजी ऊर्जेवरून समीकरण काढायची रीत, सुरू झाला आणि गाडी अडली. एक तारेचं कडं उभ्या व्यासाभोवती ठरावीक वेगाने फिरतंय आणि त्यात ओवलेला मणी घर्षणाशिवाय सरकतोय, असं गणित आहे. घर्षण नाही म्हणून मी एकूण ऊर्जा कायम धरली, विकलन केलं आणि समीकरण मिळवलं. पुस्तकात कोनीय वेगाच्या वर्गाचं पद उणे आहे, माझं अधिक येतं. बाकी सगळं तंतोतंत जुळतं. चुकलं कुठे?

उत्तर : याच चिन्हावर मी विद्यार्थी असताना दोन दिवस घालवले होते, आणि दोन्ही दिवस छपाईची चूक आहे असं ठामपणे सांगत फिरले होते. तेव्हा संकोच नको.

आधी तुझं समीकरण काय म्हणतंय ते ऐक. कडं जितकं जोरात फिरवावं तितका मणी तळाकडे जास्त ओढला जातो, असं ते म्हणतं. गोल फिरणारी वस्तू बाहेर जाऊ पाहते की आत? म्हणजे पुस्तक न उघडताही उत्तर नापास करता आलं असतं.

आता चूक. मणी तळापासून वर चढला की अक्षापासून लांब जातो. कोनीय वेग तोच, वर्तुळ मोठं, म्हणून फिरण्याची गतिज ऊर्जा वाढते. तू हा खर्च मण्याच्या सरकण्यातून वळता केलास. प्रत्यक्षात तो मोटर भागवते. कड्याचा वेग ठरावीक आहे असं म्हणताना एक मोटर आपण गृहीत धरलेली असते, ती गणितात दिसत नाही एवढंच. तार मण्याला कड्याच्या प्रतलाला लंब दिशेनेही ढकलते, आणि कडं फिरत असल्यामुळे मणी त्या दिशेने सरकतही असतो. म्हणजे कार्य झालं. ‘घर्षण नाही’ याचा अर्थ तारेच्या लांबीच्या दिशेने बल नाही, इतकाच.

लॅग्रांजच्या रीतीत हे बल लिहावंच लागत नाही, चिन्ह आपोआप बरोबर येतं. पण म्हणूनच न्यूटन सोडू नकोस. मोटरचा पत्ता मला न्यूटननेच दिला. लॅग्रांजियनमध्ये, म्हणजे गतिज ऊर्जा वजा स्थितिज ऊर्जा या राशीत, काळ थेट येत नसल्याने इथेही एक राशी कायम राहते: सरकण्याची गतिज ऊर्जा, अधिक स्थितिज ऊर्जा, वजा फिरण्याची गतिज ऊर्जा. हाच हॅमिल्टोनियन. तो कायम आहे, पण तो एकूण ऊर्जा नाही. परीक्षेत या दोन वाक्यांची गल्लत सर्रास होते.

आकडे घालून बघ. कड्याची त्रिज्या १० सेंटीमीटर असेल तर मिनिटाला साधारण ९५ फेऱ्यांपर्यंत मणी तळाशीच स्थिर राहतो. त्यापुढे तळ अस्थिर होतो आणि बाजूला नवी समतोलाची जागा तयार होते. वेग त्याच्या दुप्पट केला तर ती जागा तळापासून सुमारे ७५.५ अंशांवर येते. ९० अंश मात्र कधीच गाठत नाही, कितीही फिरव. का, ते समतोलाच्या कोनाच्या सूत्रातल्या कोसाइनला विचार.

हे झालं की मोटर काढून टाक आणि वजनरहित कडं मोकळं फिरू दे. आता ऊर्जा कायम राहील, वेग राहणार नाही. निघेल ते समीकरण गोलीय दोलकाचं आहे, हे ओळखता आलं तर मला कळव.

प्रश्न : लॅग्रांजियन लिहिता आलं की आकृती काढायची गरज नाही, असं सीनियर सांगतात. खरं का?

उत्तर : लॅग्रांजने १७८८ च्या आपल्या ग्रंथात एकही आकृती नाही हे प्रस्तावनेत अभिमानाने लिहिलं आहे. त्याला शोभतं. आपण कोन कुठून मोजला हे विसरणारी माणसं. मी चाळीस वर्षं शिकवलं, आणि अजूनही आधी आकृती काढते, कोनावर बाण करते, मगच पेन पुढे सरकतं.