हाफिजच्या प्रेमावर कादंबरी लिहिताना

प्रिय मित्रा,

इराणमधल्या शीराझ शहराचा चौदाव्या शतकातला फारसी कवी हाफिज शीराझी याच्यावर कादंबरी लिहायचं तुझ्या मनात आलं, याचा मनापासून आनंद आहे. आराखडा वाचला. तू ‘शाख-ए-नबात’ या त्याच्या प्रेयसीच्या दंतकथेलाच कणा केलं आहेस आणि मला तिथेच धोका दिसतो. तिच्यासाठी बाबा कूही या संताच्या कबरीपाशी चाळीस रात्री जागणारा तरुण हाफिज ही मागाहून रचलेली गोष्ट आहे. कणा त्याच्या दिवाणातून, म्हणजे काव्यसंग्रहातून काढ.

दिवाणाच्या कझवीनी-गनी यांच्या संपादनात 495 गझला आहेत. वाच सगळ्या, पण कादंबरीसाठी पंधरा-वीसच निवड. प्रत्येकीपुढे वहीत तीन गोष्टी टिप: ऋतू कोणता, तख्तावर कोण, आणि यार जवळ आहे की दुरावलेला.

उदाहरणार्थ, ‘वाऱ्याची झुळूक कस्तुरी उधळील, म्हातारं जग पुन्हा तरुण होईल’ अशा अर्थाने सुरू होणारी गझल घे. तिच्यात बागेत आलेला गुलाब आहे आणि शाबान महिन्याचं नावही आहे. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान असतं, त्यामुळे शाबान सगळ्या ऋतूंतून फिरून जवळजवळ 33 वर्षांनी जागेवर येतो. हिशेब मांड: हाफिजच्या प्रौढ वयात तो वसंतात पडतो साधारण 1365 ते 1370 या काळात. म्हणजे शीराझवर बहुतेक काळ राज्य शाह शुजाचं आणि कवी चाळिशी ओलांडलेला, कदाचित पन्नाशीचा. शेवटच्या शेरात तो म्हणतो की हाफिज या जगात आला तो तुझ्यासाठीच, निरोपाला एक पाऊल तरी टाक, तो आता निघणार आहे. विशीतल्या पोराच्या तोंडी हे पोकळ वाटेल. केस पिकू लागलेल्या माणसाच्या तोंडी ते काळजाला भिडतं. तुझा नायक त्या वयाचा कर.

मात्र गझलेला रोजनिशी समजू नकोस. शेर सुटे असतात, हस्तलिखितांत त्यांचा क्रमही बदलतो. गझलेतून ऋतू हाती लागतो, प्रसंग तुलाच रचावा लागेल.

दुसरा मोठा निर्णय यार कोण, हा. फारसीत लिंगभेद नाही आणि त्या परंपरेत साकी किंवा यार बऱ्याचदा तरुण मुलगा असतो. मराठी क्रियापद मात्र लगेच सगळं उघडं करतं. पहिलं प्रकरण लिहिण्याआधीच हे ठरव, नाहीतर शंभराव्या पानावर अडकशील. संदिग्धता राखायची असेल तर संबोधनात ‘ये’, ‘येशील’, ‘येत नाहीस’, ‘तू पाहिलंस’ अशी रूपं वापर. ‘आलास’ की ‘आलीस’ असा पेच येईल ती वाक्यं सरळ मोडून लिही.

प्रेमाला अडथळा हवा म्हणून खलनायक शोधू नकोस. शीराझचा इतिहासच पुरेसा आहे. 1353 मध्ये मुबारिझुद्दीनने तिथला राज्यकर्ता अबू इसहाक याच्याकडून शहर घेतलं, मद्यालयं बंद केली. 1358 मध्ये त्याच्याच मुलाने, शाह शुजाने, त्याला कैद करून आंधळं केलं. कुराण तोंडपाठ असलेला, दरबाराच्या आश्रयावर जगणारा माणूस अशा शहरात प्रेम करतो, तेव्हा शेजारी काय ऐकतात, मुहतसिबच्या, म्हणजे लोकांच्या नीतीवर नजर ठेवणाऱ्या अधिकाऱ्याच्या कानावर काय जातं, हे दाखव.

तपशिलात मराठी लेखक हमखास घसरतो तो मुशायऱ्यावर. ‘इर्शाद’, ‘वाह वा’, तबला, सतार हे सगळं आपल्याकडचं. तिथे चंग (हार्पसारखं तंतुवाद्य), रबाब, नै (बासरी) आणि डफ ठेव. हुक्का, मिरची, टोमॅटो नको. हाफिजच्या कबरीवरचा आजचा खांबांचा मंडप विसाव्या शतकातला आहे आणि वकील बाजार अठराव्या. रुक्नाबादचा झरा आणि मुसल्लाची बाग खुशाल वापर, ती नावं त्याच्याच शेरांत आहेत.

दख्खनची कथा तुला मोह घालील. बहमनी सुलतानाचं बोलावणं आलं, हाफिज होर्मुझपर्यंत गेला, वादळ पाहून परतला आणि गझल पाठवून दिली, असं इतिहासकार फिरिश्ता सांगतो. पण त्याने ते लिहिलं दोन शतकांहून अधिक काळाने, विजापुरात बसून. घ्यायची तर एका प्रकरणापुरती घे.

तैमूरच्या भेटीचा प्रसंगही दंतकथाच. ठेवणार असशील तर 1387 मध्ये ठेव. तैमूर 1393 मध्ये पुन्हा शीराझला आला तेव्हा हाफिज हयात नव्हता. निवडलेल्या गझलांची यादी आधी पाठव, प्रकरणं मग.

तुझा हितचिंतक