गोव्यात राहून जीवाश्म वनस्पतींच्या संशोधनात करिअर होतं का?

तुमची मुलगी बीएस्सी बॉटनी करतेय, तिला जीवाश्म वनस्पती आणि जुन्या हवामानावर काम करायचंय, आणि घरात चिंता पोटापाण्याची. मलाही हेच ऐकवलं होतं, २०१० च्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला. मी स्टुलावर चढून माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगतात त्या रानफळांच्या चौकटीला, कवंडळं बांधत होते. खालून सुपारीचं शिपटं वर देत काका म्हणाले, "अगो, दगडात पैसा असतो तो लोखंडाचा. पानाचा नव्हे." डिचोलीत खाणीवर त्यांचे तीन टिपर चालायचे. मी लखनौला, जीवाश्म वनस्पतींवर संशोधन करणाऱ्या बिरबल साहनी संस्थेत निघाले होते.

काकांचं अर्धं बरोबर होतं, हे त्यांना मी अजून सांगितलेलं नाही. आपल्या खाणींतले खडक अडीचशे कोटी वर्षांहून जुने. जमिनीवर झाडं आली ती सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वी. त्यात पान कुठून सापडणार?

सापडतं ते चिखलात. मांडवीकाठी कांदळात, म्हणजे खारफुटीत, गुडघाभर रुतून पाइप ठोकायचा, निघालेला गाळ सेंटिमीटर-सेंटिमीटरने कापायचा, हायड्रोफ्लोरिक आम्लात टाकायचा. वाळू विरघळते, परागकण उरतात. कवचच तसं चिवट. मग एकेका नमुन्यात दोन-तीनशे कण मोजत बसायचं. कांदळाचे वाढले की त्या थराच्या काळी खारं पाणी तिथवर पोचत होतं, असं ढोबळ गणित. कांदळाचा पहिला कण दिसला, गोलसर, तीन चिरांचा, तेव्हा मी जेवायचं विसरले होते.

२०१२ ला खाणी बंद पडल्या. चवथीला गेले तर टिपर अंगणात उभे, हौद्यात पावसाचं पाणी, पाण्यावर शेवाळ. माझी फेलोशिप चालू होती. मी काही बोलले नाही. आज इथे बोलतेय.

तर, होतं करिअर. नेट-जेआरएफ, म्हणजे संशोधनाच्या फेलोशिपची परीक्षा, काढू दे, सध्या महिना ३७,००० मिळतात. पीएचडीला पाच-सहा वर्षं धरा. 'गोव्यात राहून' हा हट्ट मात्र सोडा. दोनापावलाची समुद्रविज्ञान संस्था आणि वास्कोचं ध्रुवीय केंद्र जुन्या हवामानावर काम करतात, पण ते बरंचसं समुद्रातल्या गाळावर. पानांचे जीवाश्म हवेत तर लखनौ.

हो, कायम नोकऱ्या मोजक्याच. मला मिळाली तेव्हा चाळिशी आली होती, हे आधी सांगायला हवं होतं.

यंदा माटोळी तिलाच बांधू दे. रानातलं फळ ओळखता येत नसेल तर पराग काय ओळखणार? आणि गमबूट चांगले घ्या, स्वस्तातले चिखलातच राहतात.